बाहुलीच्या हातात रोलीफ्लेक्स

फोटोग्राफर व्हिव्हियन मायर यांच्या सेल्फ-पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याच्या आधी कॅमेरा नजरेत भरतो. छातीशी धरलेला उभट डबा आणि त्यावर एकाखाली एक दोन गोल भिंगं. डब्याचं तोंड थेट आपल्याकडे, बाई मात्र बऱ्याचदा भलतीकडेच बघताहेत. खेळण्यातली बाहुली घेऊन हे फोटो पुन्हा करायला बसलं की नवखी मंडळी आधी टोपी शिवतात, कोट शोधतात, बाहुलीचे केस कापतात. माझं म्हणणं, ते सगळं मागाहून करा. आधी भिंग कुठे आहे आणि कुठे बघतंय ते जुळवा. ते जुळलं की ४ सेंटिमीटरचा लेगोचा माणूससुद्धा मायरबाई वाटायला लागतो. ते हुकलं तर कितीही झकास कोट घाला, बाहुली ती बाहुलीच.

नाव नवीन असेल तर एवढं पुरे: जन्म १९२६ चा, न्यूयॉर्कचा. आई फ्रेंच, त्यामुळे लहानपणाचा काही काळ फ्रान्समध्ये गेला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कला परत आणि १९५६ पासून शिकागोच्या परिसरात. पोटापाण्याचा उद्योग म्हणजे लोकांच्या घरी राहून त्यांची मुलं सांभाळणं. मुलांना फिरवता फिरवता गळ्यातल्या कॅमेऱ्याने त्यांनी लाखाच्या वर निगेटिव्ह काढल्या. कित्येक रोल तर धुतलेही नव्हते. भाडं थकलं म्हणून २००७ मध्ये गोदामातलं त्यांचं सामान लिलावात निघालं, एप्रिल २००९ मध्ये त्या गेल्या, आणि जगाने नाव घेतलं ते त्यानंतर. (शिवाजी पार्कात संध्याकाळी दुसऱ्यांची मुलं खेळवणाऱ्या बायकांच्या फोनमध्ये काय काय असेल, असं मला हल्ली उगाच वाटत राहतं.)

आता त्या डब्याबद्दल, म्हणजे मायरबाईंच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याबद्दल. रोलीफ्लेक्सला वरचं भिंग बघायला आणि खालचं फोटो काढायला. हा कॅमेरा सहसा डोळ्याला लावून बघत नाहीत. वरचं झाकण उघडून खाली मान घालून काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. ‘१२०’ नावाच्या मापाच्या फिल्मच्या एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघतात. मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनीही रोलीफ्लेक्स वापरला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या फोटोग्राफरांना हा डबा काही परका नाही. आपल्या कामाच्या गोष्टी यातून तीन निघतात: चौकट चौकोनी हवी, भिंग डोळ्यांच्या नव्हे तर छाती-पोटाच्या उंचीवर हवं, आणि चेहरा कॅमेऱ्यामागे लपता कामा नये.

बाहुली कोणती घ्यावी

कोपराला सांधा असलेली. हा एकच निकष आणि दुकानात तो आधी तपासा. साधी फॅशन बाहुली साधारण २९ सेंटिमीटरची असते, म्हणजे माणसाच्या एक षष्ठांश. पण तिचे हात सरळसोट काठीसारखे असतील तर कॅमेरा छातीशी येतच नाही. सांधे असलेली थोडी महाग पडते, पण पैसे तिथेच घाला. सुपरहिरोच्या १५ सेंटिमीटरच्या बाहुल्यांना सांधे भरपूर असतात. फक्त दंड आणि छाती अशी फुगलेली, की वरून कोट चढवल्याशिवाय चालत नाही. लेगोच्या माणसाला कोपर नाही, पण पंजात वस्तू अडकते आणि त्याचा ठोकळेपणा या कामात गोड दिसतो. क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत खेळण्यांचे ढीग लागलेले असतात. एखादा हात तुटलेली बाहुली दुकानदार स्वस्तात काढून देतो. कोटाच्या बाहीखाली ते झाकलं जातं.

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे घरात पडले असतील तर तेही बाहेर काढा. त्यांच्या हातातली तलवार काही सुटणार नाही, तेव्हा मायरबाई होणं त्यांना जमायचं नाही. पण मागच्या रस्त्यावरची गर्दी म्हणून ते फार कामाला येतात. ते बाहुलीहून लहान असतात, म्हणून मागे धूसर ठेवले की आपोआप लांबचे वाटतात. मावळ्यांच्या गर्दीत उभी न्यूयॉर्कची बाई, हे चित्र मला तरी अस्सल मुंबईचं वाटतं.

कॅमेरा करायचा तो असा. खरा रोली साधारण १४-१५ सेंटिमीटर उंच आणि १० रुंद. २९ सेंटिमीटरच्या बाहुलीसाठी त्याचा सहावा भाग घ्यायचा: अडीच सेंटिमीटर उंच, जेमतेम पावणेदोन रुंद. खोडरबर ब्लेडने कापा आणि काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा. भिंगांसाठी सर्वात लहान टिचबटणं, एकाखाली एक, मध्ये फट जवळजवळ नाहीच. वर काळ्या कार्डपेपरच्या चार पाकळ्या उभ्या चिकटवल्या की उघडं झाकण झालं. गळ्यातला पट्टा काळ्या दोऱ्याचा, आणि तो ताणलेला हवा. सैल दोरा हवेत कमानीसारखा उभा राहतो आणि खेळ उघडा पडतो, कारण खऱ्या कॅमेऱ्याच्या वजनाने पट्टा कधी असा फुगत नाही. कॅमेऱ्याच्या तळाला एखादं लोखंडी वॉशर चिकटवलंत तर प्रश्नच मिटतो.

टोपी मात्र एक चांगली करून ठेवा, रुंद काठाची. ती आरशासाठी नाही, सावलीसाठी लागणार आहे.

पहिला फोटो: सपाट आरसा

सुरुवात इथूनच करा, कारण पुढच्या सगळ्या भानगडी इथे एकदम समजतात.

मूळ फोटोत आरशात दिसणारा कॅमेराच फोटो काढत असतो. आपल्याकडे फोटो काढतो फोन, आणि दिसायला हवा टिचबटणांचा डबा. फोन बाहुलीच्या मागे समोरासमोर धरला तर आरशात बाहुलीच्या मागे तुमचं अख्खं तोंड येणार. म्हणून फोन आरशाच्या एका बाजूला सरकवायचा आणि तिरकं बघायचं. आरशावर ज्या कोनात उजेड पडतो त्याच कोनात तो परततो. तुम्ही डावीकडून बघत असाल तर आरशात उजवीकडचं दिसेल, आणि फोन चौकटीबाहेर जाईल.

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. फोन बाजूला गेला, पण बाहुली अजून आरशाकडे नाक करून सरळ उभी आहे. मग फोटोत ती कुठेतरी कडेला बघते आणि हे सेल्फ-पोर्ट्रेट न राहता आरशासमोर उभ्या बाहुलीचा दुसऱ्या कोणी काढलेला फोटो होतो. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर बघत बघत बाहुलीला पायापासून हळूहळू फिरवा. खालचं टिचबटण आधी लंबगोल दिसेल, मग फुगत जाईल. ते ज्या क्षणी पूर्ण गोल दिसलं, तिथे थांबा. आता आरशातला तो कॅमेरा थेट बघणाऱ्याकडे रोखलेला आहे आणि फोटो ‘तिने’ काढलाय असं डोळा मानतो. तळव्याखाली मेणाचा गोळा दाबून बाहुली पक्की करा. एप्रिल-मेमध्ये मेण पाघळतं, तेव्हा पोस्टर चिकटवायचा गम घ्या.

यानंतर मान. मान खाली असली तर ती काचेत बघतेय, समोर असली तर तिने काचेत बघून झालंय आणि आता ती आरशाकडे बघतेय. मायरबाईंच्या फोटोंत दोन्ही सापडतं. माझी पसंती दुसरीला, त्यात एक थंडपणा येतो. हसरी बाहुली असेल तर मान खाली घालणं श्रेयस्कर. रंगवलेले ते दात काही केल्या शिकागोला जात नाहीत.

फोनची उंची. बाहुलीचा कॅमेरा जमिनीपासून २० सेंटिमीटरवर असेल तर फोनचं भिंगही तितक्याच उंचीवर हवं. लेगोसाठी ही उंची २ सेंटिमीटर होते आणि फोन कितीही खाली नेला तरी भिंग वरच राहतं. फोन उलटा करा, डोकं खाली. भिंग जमिनीला टेकतं आणि फोटो फोनमध्ये आपोआप सुलटा होतो. टेकू म्हणून कापडी पिशवीत तांदूळ भरा. ट्रायपॉडपेक्षा ती जास्त आज्ञाधारक असते. ३ सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा हादरा बसत नाही.

फोकस करताना पडद्यावर आरशातल्या चेहऱ्यावर बोट ठेवा. फोनला आरशावरची धूळ आणि आरशाची कड जास्त आवडते, आणि मग बाहुली धूसर होते. बाहुली आरशापासून १५ सेंटिमीटर आणि फोन ४० सेंटिमीटरवर असेल तर फोकस ५५ वर हवा, आरशाच्या पृष्ठभागावर नव्हे. फार जवळ गेलात की बरेच फोन आपणहून रुंद भिंगावर उडी मारतात आणि बाहुलीचं डोकं भोपळ्याएवढं होतं. मागे सरका आणि दुप्पट झूम घ्या.

आरशाचं एक लफडं सांगायला हवं. घरच्या आरशाचा चकाकणारा थर काचेच्या मागे असतो. तिरकं बघितलं की काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही एक फिकं प्रतिबिंब परततं आणि सगळ्याला जुळी कडा दिसते. माणसाच्या फोटोत हे जाणवत नाही. बाहुलीच्या मापात ४ मिलिमीटर काच म्हणजे जवळपास इंचभर जाडीची काच झाली. कोन कमी ठेवा, आणि आरसा मिळेल तेवढा पातळ घ्या. नाक्यावरच्या काच-प्लायवूडवाल्याकडे उरलेले तुकडे असतात. कडा घासून मागा, नाहीतर बोटं कापतील. जुन्या नक्षीच्या चौकटीचा हवा असेल तर चोर बाजारात मटण स्ट्रीटला जा, फक्त शुक्रवार सोडून, त्या दिवशी तिथली दुकानं बंद असतात. आरशावरचे काळे डाग तसेच राहू द्या. ते खऱ्या जुनेपणाचे आहेत, मोबाइलमधल्या फिल्टरचे नाहीत.

शोकेसची काच

दुकानांच्या काचांतली सेल्फ-पोर्ट्रेट मला सगळ्यांत जास्त भावतात, कारण त्यांत आतला माल, बाहेरचा रस्ता आणि मायरबाई स्वतः असे तिन्ही थर एकावर एक येतात. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात यासाठी नेपथ्य तयारच असतं: दिवाणखान्यातलं सरकत्या काचांचं शोकेस. ताजमहाल, शंख, कोणाच्या तरी लग्नातली चांदीची गाय. ते काही हलवू नका, तोच आपला दुकानाचा माल.

साध्या काचेवरून समोरून येणाऱ्या उजेडाचा फक्त ८ टक्क्यांच्या आसपास भाग परततो. म्हणजे बाहुलीवर भरपूर उजेड आणि शोकेसच्या आत अंधार असेल तरच बाहुली काचेत उमटणार. खिडकीतून ऊन येत असताना बाहुली उन्हात ठेवा, शोकेसमधला दिवा बंद. बाहुली फारच ठळक झाली की आत एखादा बारीक टॉर्च मागून लावा, आणि तो जवळ-लांब करत करत ताजमहाल हळूहळू आत येऊ द्या. किती, ते तुमच्या नजरेवर. मला बाहुलीच्या कोटातून शंख दिसायला लागला की पुरे वाटतं.

बाहेर करायचं असेल तर काळा घोडा किंवा दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालची दुकानं चांगली, पण सकाळी, दुकानं उघडण्याआधी. संध्याकाळी आतले दिवे लागले की काचेतली बाहुली गायब होते. ट्रायपॉड उभा केला की वॉचमन हटकून येतो. तांदळाची पिशवी कोणाच्या डोळ्यांत येत नाही. खाली बसलेल्या माणसाला तो फार तर विचारतो, काय हरवलं?

सावली

सामान सर्वांत कमी, वेळेची कटकट सर्वांत जास्त. मायरबाईंच्या अनेक फोटोंत त्या स्वतः नाहीतच, गवतावर किंवा फुटपाथवर टोपीवाली सावली तेवढी आहे.

दिवा लावून हे करू नका. जवळच्या दिव्याची सावली पसरत जाते आणि बाहुलीचे पाय बारीक, डोकं अवाढव्य होतं. सूर्य इतका लांब आहे की बाहुलीची सावली आणि माणसाची सावली प्रमाणात तंतोतंत सारखीच पडते. फुकटात मिळणारा हा एकमेव दिवा जो कुठल्याही मापाला चालतो.

मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखालीच जाते. तेव्हा उन्हाळ्यात दुपारी गच्चीवर जाण्यात काही अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारी उत्तम: दुपारी बारालासुद्धा सूर्य जेमतेम ४७-४८ अंशांवर असतो आणि ४ च्या सुमाराला सावली उंचीच्या दुप्पट होते. त्याहून उशीर केला तर सावली ताणली जाते आणि टोपीचा काठ ओळखू येत नाही. थंडीत धुरकं असलं की कडा मऊ पडतात; वारा सुटलेला दिवस धरा.

अडचण अशी, की सूर्य बाहुलीच्या पाठीशी हवा आणि फोनही तिच्याच बाजूला हवा, मग तुमचीच सावली सगळ्यावर पडते. तुम्ही बाजूला बसा, सूर्य आणि बाहुली यांच्या रेषेच्या बाहेर, आणि फक्त हात लांब करून फोन बाहुलीच्या डोक्यावर दोन फुटांवर धरा. वस्तू जितकी उंच तितकी तिची सावली पुढे पडते; फोनची आणि हाताची सावली चौकटीच्या पलीकडे निघून जाते, बाहुलीची चौकटीत राहते. बाहुली स्वतः चौकटीच्या खालच्या कडेबाहेर ठेवा, पायाचं टोकही दिसता कामा नये.

सावलीत कॅमेरा दिसत नाही, तो ओळखू येतो कोपरांवरून. दोन्ही कोपरं बाहेर काढा, हात आणि कमर यांच्यामधून उजेडाचे दोन त्रिकोण दिसले पाहिजेत. ते त्रिकोण बुजले की सावली कॅमेरा धरलेल्या बाईची न राहता नुसत्या खांबाची होते. समुद्राकडे गेलात तर तंगूसचा तुकडा बरोबर ठेवा आणि बाहुलीच्या कमरेला बांधून दगडाला अडकवा; मरीन ड्राइव्हच्या कठड्यावरचा वारा चेष्टेचा नाही. तंगूसची सावली फोटोत जवळजवळ दिसत नाही. पोत मात्र निवडून घ्या. गवत बाहुलीच्या मापाला झुडूप होतं, त्यापेक्षा मैदानातली माती किंवा पायपुसण्याचा काथ्या जास्त गवतासारखा दिसतो.

फुगीर आरसे आणि आरशात आरसा

गोलसर चकाकत्या वस्तूत तुम्ही लपूच शकत नाही, त्यात सगळी खोली येते. स्टीलची वाटी, पळीची पाठ, स्कूटरचा आरसा, सोसायटीच्या फाटकावरचा गोल आरसा, सगळ्यांची तीच तऱ्हा. मी म्हणेन लपू नका. फोन काळ्या कापडात गुंडाळा, भिंगापुरतं भोक ठेवा, आणि मागे काळसर धूसर डोंगरासारखे तुम्ही येऊ द्या. पूर्वी काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या चाकांवरच्या चकचकीत झाकणांत हे सुरेख जमलं असतं. त्या २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. आता बुलेटच्या दिव्यावर भागवायचं, मालकाला विचारून.

आरशात आरसा, त्यात पुन्हा बाई, अशी रांग हवी तर दोन आरसे समोरासमोर उभे करा, पुढचा बुटका आणि मागचा उंच. बाहुली मधे, आणि फोन बुटक्या आरशाच्या वरच्या कडेवरून डोकावणारा. आरसे किंचित तिरके झाले की रांग वळते, आणि वळलेली रांग सरळ रांगेपेक्षा जास्त चांगली दिसते. प्रत्येक प्रतिबिंब आधीच्याहून काळवंडतं आणि हिरवट होतं, कारण साध्या काचेत लोहाचा अंश असतो. कृष्णधवल केलं की हिरवटपणा संपला.

काढून झाल्यावर

चौकट एकास एक. रंग काढून टाका. मायरबाईंचं रंगीत काम मुख्यतः १९७० नंतरचं आहे आणि ते बहुतेक ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावरचं, त्यामुळे रोलीच्या फोटोला कृष्णधवलच शोभतं. काळा भाग पूर्ण काळा करू नका, कोटाच्या घड्या दिसायला हव्यात. प्लास्टिकच्या गालांवरची चमक हा खरा शत्रू. फोटो काढण्याआधीच टाल्कम पावडरचा हलका हात गालांवरून फिरवा. नंतर संपादनात ती चमक जात नाही. फिल्मचे खोटे कण, ओरखडे, पिवळट कडा यांपैकी काहीही टाकू नका.

फोटो कुठे टाकणार असाल तर खाली ‘व्हिव्हियन मायर यांच्या सेल्फ-पोर्ट्रेटवरून’ असं लिहा, आणि मूळ फोटो शेजारी डकवू नका. त्यांच्या कामाचे हक्क अजून राखीव आहेत. ज्याला तुलना करायची असेल तो मूळ फोटो स्वतः शोधेल. बाहुलीचा कॅमेरा मात्र मोडू नका, डबीत कापसात ठेवा. टिचबटणं फार लवकर निघतात.